नाकातल्या केसांना चुकवणारी धूळ
नाकातले केस धूळ अडवतात, मग काळजी कशाला, असं कुणीतरी म्हटलंय. जाड धुळीपुरतं खरं आहे. गोव्यात, वास्कोत आमच्या खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं की काळं होतं. पण दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी! २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट खोल श्वासनलिकांत उतरतात. तिथल्या पेशींवरची सूक्ष्म लव एरवी कफ वर ढकलत असते. कणांवरचे लोह, तांब्यासारखे धातू पेशींत ऑक्सिडीकारक, म्हणजे पेशींना इजा करणारे, रेणू वाढवतात. लव मंदावते, पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात, आणि पेशी आयएल-६, आयएल-८ ही संदेश देणारी प्रथिनं बाहेर टाकून दाह वाढवतात. पावसाळ्यात आईचा खोकला उतरतो. ती श्रेय काढ्याला देते, मी धुतलेल्या हवेला. रुमाल मात्र इथे फारसा कामाचा नाही, एन-९५ मास्क बरा.