ओटाबेक अल्टिन गर्विष्ठ आहे का?

प्रश्न (जळगाव):
'युरी ऑन आइस' या २०१६ च्या बारा भागांच्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिकेतला कझाकस्तानचा फिगर स्केटर ओटाबेक अल्टिन मोजकेच बोलतो आणि हसत तर जवळजवळ नाहीच. माझी भाची त्याला गर्विष्ठ ठरवून मोकळी झाली आहे. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (धुळे):
गर्व मुळीच नाही. रशियातील उन्हाळी शिबिरात त्याला बॅले जमेना, म्हणून त्याला लहान मुलांच्या वर्गात बसवले गेले. तिथे रशियन स्केटर युरी प्लिसेत्स्कीचे डोळे त्याला सैनिकासारखे वाटले आणि ते त्याच्या कायमचे लक्षात राहिले. आपली उणीव ओळखून, पण खेळ न सोडता त्याने पुढे अमेरिकेत व कॅनडात सराव केला आणि मग तो मायदेशी अल्माटीला परतला. एवढी पायपीट केलेल्या मुलाकडून गप्पांची अपेक्षा का करावी? भाचीला दहावा भाग अवश्य दाखवा. बार्सिलोनात चाहत्यांच्या गराड्यातून युरीला मोटारसायकलवर घेऊन गेल्यावर तो थेट विचारतो, माझा मित्र होणार की नाही? गर्विष्ठ माणूस असा हात पुढे करत नाही.

उत्तर (नंदुरबार):
सहमत आहे. अल्माटीच्याच, पण खऱ्या आयुष्यातील स्केटर डेनिस टेन यांनी २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते कझाकस्तानचे फिगर स्केटिंगमधील पहिले ऑलिम्पिक पदक होते. ओटाबेकही आपल्या देशासाठी खेळतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातून कुस्तीसाठी बाहेर पडलेली पोरे अशीच अबोल असतात, आणि त्यांना कोणी गर्विष्ठ म्हणत नाही.