मदत हवी आहे: कैचीच्या तळतुळईला जोड कुठे द्यावा?

कोकणातल्या घराचं कौलारू छप्पर, गाळा (दोन भिंतींमधलं अंतर) 20 फूट, मधल्या खांबाची लाकडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट. ऐनाच्या लाकडाची सलग 22 फुटी तुळई मिळत नाही, 12 फुटी दोन मिळतात. तळतुळई, म्हणजे कैचीची खालची आडवी तुळई, कायम ताणात असते, म्हणून नुसत्या खाचेवर भरवसा नाही. दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या, 12 मिमीचे बोल्ट, टोकापासून पहिला बोल्ट व्यासाच्या सातपट म्हणजे 84 मिमीवर ठेवणार. त्याहून जवळ घेतला की लाकूड रेषेत चिरतं.

प्रश्न असा: जोड बरोबर मधल्या खांबाखाली घ्यावा की बाजूला सरकवावा? खांब तळतुळईला जोडणाऱ्या पट्टीचे बोल्टही तिथेच येतात, भोकांची गर्दी होईल. शिवाय लाकूड पुरतं वाळलेलं नाही. आकसल्यावर नट सैल पडतात, ते कौलं चढवल्यावर पुन्हा आवळता येतील अशी रचना कुणी केली आहे का? पट्टीची जाडीही सुचवा.