दादाची दारू घरीच बंद करायची की बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्यायचं?

डिचोलकरीण: नमस्कार. थोरला भाऊ, वय 46. आधी रात्रीचीच प्यायचा, आता सकाळी हात थरथरतात म्हणून चहाआधी पेग लागतो. हुर्राकचा (काजूच्या ताज्या दारूचा) सीझन असो नसो, काही अडत नाही. फेणी नसली तर व्हिस्कीचा क्वार्टर.

यंदा श्रावण पाळणार असं त्यानंच ठरवलंय. आई म्हणते, देवळात गाऱ्हाणं घालू, सुटेल. काका म्हणतात, आठ दिवस खोलीत कोंडा. मला धास्ती वेगळीच आहे. मागच्या चवथीला पूजेसाठी त्यानं एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी फीट आली. उपास आणि उकाड्यानं झालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, संध्याकाळी त्यानं परत घेतली आणि विषय मिटला. ती फीट दारू बंद केल्यामुळे असेल का? अ‍ॅडमिट केलं तर किती दिवस ठेवतात? शिवाय वहिनीला कुणीतरी चहातून द्यायची पावडर सुचवलीय. दादा तयार आहे, पण "वेड्यांच्या इस्पितळात" यायला नाही म्हणतो.

वॉर्डातली सिस्टर: ताई, फीटचं कारण बहुतेक तेच. रोजच्या दारूनं मेंदू दबलेला असतो आणि तो त्याविरुद्ध जोर लावत राहतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकळा सुटतो. थरथर, घाम, उलट्या पहिल्या दिवसातच सुरू होतात. फीट साधारण 48 तासांच्या आत येते. खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा: नसलेले किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला आम्ही डीटी म्हणतो, उपचार नसेल तर माणूस दगावतो. एकदा फीट आलेल्याला पुन्हा यायची शक्यता जास्त, म्हणून कोंडायचा बेत रद्दच करा. गाऱ्हाणं घाला, पण अ‍ॅडमिट करून.

वॉर्डात क्लोरडायझेपॉक्साइड ही मेंदू शांत ठेवणारी गोळी देऊन तिचा डोस हळूहळू उतरवतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. सोबत बी1, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. गावातल्या डॉक्टरकडे नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी आणू नका. थायमिन कमी असताना ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डीटॉक्सला, म्हणजे अंगातली दारू सुरक्षित उतरवायला, बहुधा आठवडाभर लागतो. या गोळ्या मनानं आणू नका, दारूबरोबर त्या श्वास मंद करतात.

फोंड्याचा बाबू: मी बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, राहून आलोय. जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारीच आहे, ओपीडीत मधुमेहाच्या दवाखान्यासारखीच रांग. दादाला म्हणावं, तिथे निम्मे आपल्यासारखेच.

पावडर मात्र नको. ती बऱ्याचदा डायसल्फिरॅम, म्हणजे दारू सोसू न देणारं औषध, असते. माणसाला माहीत नसताना वर दारू पोटात गेली तर धडधड, उलट्या, बीपी खाली, जिवावर बेततं. ते औषध डीटॉक्सनंतर, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि डीटॉक्समध्ये फक्त अंगातली दारू उतरते. मला घरी आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग्जनी धरून ठेवलं. दादा फोनवर बोलायला तयार असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात.

डिचोलकरीण: दोघांचे आभार. दादाला हे वाचून दाखवलं. फीटचं ऐकून गप्प बसला, मग म्हणाला सोमवारी जाऊ. आता एवढंच सांगा, तोवर थांबवायची का? सोमवारी सकाळी त्यानं पेग मागितला तर?

वॉर्डातली सिस्टर: तोवर एकदम बंद करू नका, वाढवूही देऊ नका. सकाळी फार थरथरत असेल तर थोडी घेऊ दे, पण किती आणि किती वाजता ते लिहून न्या. पहिला डोस ठरवायला डॉक्टर तेच विचारतात. जुने लिव्हरचे रिपोर्ट, चालू गोळ्या आणि त्या फीटची हकीकतही सांगा, दादा लपवेल. मध्येच फीट आली किंवा बरळू लागला तर सोमवारची वाट बघू नका, 108 ला फोन. गाडी त्याला चालवू देऊ नका.