मोरे, घारे, पिंगळे: आडनावातला पक्षी खरा की भासाचा?

पाणकोंबडी: पक्ष्यांवरून पडलेल्या आडनावांची यादी करतेय. मोरे, साळुंखे, घारे, पिंगळे, ससाणे, कावळे, भारद्वाज एवढी जमली. यातली खरी कुठली आणि नुसती तशी वाटणारी कुठली, हे तपासायचं कसं?

शब्दकिडा: साळुंखे आणि भारद्वाज आधी काढा. साळुंखे चालुक्यांवरून, गुजरातेतले सोलंकीही त्यातलेच. साळुंकी पक्ष्याचं नातं संस्कृत सारिकेशी. तेव्हा सारिका नावाची मुलगी यादीत बसते, साळुंखे नाहीत. भारद्वाज तर सरळ गोत्रनाम.

उरलेल्यांना व्याकरणाची चाळणी लावा. आकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन एकारान्त होतं आणि तेच आदरार्थी आडनाव म्हणून रुळतं: कावळा-कावळे, ससाणा-ससाणे. (अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात श्येनाला, म्हणजे ससाण्याला, 'शशादन' म्हटलंय, ससे खाणारा.) घार पडली स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन घारी. म्हणून घारे बहुधा 'घारा' या विशेषणावरून, घाऱ्या डोळ्यांचे, गोरे-काळ्यांच्या पंगतीतले. पिंगळे सगळ्यांत त्रासदायक. पिंगळा म्हणजे छोटं घुबड, पहाटे भविष्य सांगत दारी येणाराही पिंगळा, आणि पिंगट रंगाचा तोही पिंगळाच. तिन्ही व्याकरणात चपखल.

मोडीवाचक: चाळणी ठीक, पण डोंगर-डोंगरे, ढोल-ढोले आहेतच की. 'मोर'चं अनेकवचन मोरच, एवढ्यावरून मोरे बाद होत नाहीत.

पाणकोंबडी: मोऱ्यांचं देवक मोराचं पीस असतं. हा पुरावा चालेल?

मोडीवाचक: एकटा नाही. देवक कधीकधी नावाच्या नादावरूनही जुळवलं जातं. साळुंख्यांचं देवक साळुंकीचं पीस असंही सांगतात, मूळ चालुक्य असूनही! मोऱ्यांचा संबंध मौर्यांशी लावतात. तो धरला तरी मोर सुटत नाही: पाली ग्रंथांत पिप्फलिवनाचे 'मोरिय' येतात, आणि बौद्ध व जैन दोन्ही परंपरा मौर्यांचं नाव मोराशीच जोडतात.

तपासायचं तर घराण्याचा सर्वांत जुना कागद गाठा: वतनपत्र, इनामाची सनद, महजर (जुन्या न्यायसभेचा लेखी निवाडा). त्यात आडनावाच्या जागी नुसतं 'पाटील' किंवा 'कुलकर्णी' असेल, तर आताचं आडनाव नंतर चिकटलेलं असू शकतं. मोडीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर मात्र व्युत्पत्ती उभारू नका, ती लिपी तो भेद पाळत नाही. आणि गावं बघा. 'पारवे' दिसले की लगेच पारवा पक्षी नको. यवतमाळ जिल्ह्यात पारवा नावाचं गाव आहे.

शब्दकिडा: गावाचा मुद्दा बरोबर. पहिली नावंही घेणार असाल तर शकुंतला घ्याच. शकुंत म्हणजे पक्षी. निर्जन रानात पक्ष्यांनी राखलेली म्हणून कण्वांनी ते नाव ठेवलं, असं महाभारताच्या आदिपर्वातच आहे. कौशिक नको. अमरकोश त्याचा घुबड हाही अर्थ देतो, पण माणसाचं नाव कुशिक या कुळपुरुषावरून आलंय.