मावशींचं ऑपरेशन आहे, दोन महिने येणार नाहीत, पगाराचं काय करायचं? (सांगली)

विश्रामबागची_वहिनी

नमस्कार मंडळी, जरा गोंधळात आहे म्हणून विचारतेय, शिव्या घालणार असाल तर हळू घाला.

आमच्याकडे धुणं-भांडी आणि केर-फरशीला एक मावशी आहेत, पोरगा बालवाडीत होता तेव्हापासून, आता तो दहावीला आहे म्हणजे बघा. पगार २८००. त्यांचं पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या आठवड्यात. डॉक्टरांनी सांगितलंय दीड ते दोन महिने वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. आता धुणं-भांडी म्हणजे दुसरं काय असतं, वजन उचलणं आणि उकिडवं बसणंच की.

रविवारी काम उरकून पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या आणि हे सगळं सांगितलं. पगाराचा विषयच काढला नाही त्यांनी. एवढंच म्हणाल्या, "ताई, माझं घर दुसऱ्या कुणाला देऊ नका." मला आधी कळेचना कुठलं घर, मग लक्षात आलं की आमचं घर म्हणजे त्यांचं काम.

तर आता प्रश्न असा की बदली बाई बघितली ती ३००० म्हणते, आणि दोन महिन्यांसाठी कुणी मनापासून करतही नाही. मावशींनाही द्यायचे आणि तिलाही द्यायचे म्हणजे महिन्याला ५८००, मिस्टरांचं दुकान आहे आणि सध्या गिऱ्हाईक बेताचंच, त्यामुळे ते म्हणतात निम्मा दे. सासूबाईंचं म्हणणं असं की महिन्याला चार खाडे माफ, त्याच्या वर झाले की कापायचे, हा आपल्या घरचा नियम आहे आणि नियम सगळ्यांना सारखा. जाऊबाई म्हणतात उचल म्हणून दे आणि नंतर फेडून घे.

आणि अजून एक. मावशी म्हणाल्या "पाहिजे तर पोरीला लावून देते, तिची शाळा दुपारची हाय." पोरगी नववीत. मला ते काही बरं वाटेना, पण नको म्हटलं तर त्यांचा पैसा बुडतो. तुमच्यात काय करतात?

कुपवाड_एमआयडीसी

वहिनी स्पष्टच बोलतो, राग मानू नका. काम नाही तर पगार नाही. मी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, मागच्या वर्षी डेंग्यू झाला, १२ दिवस घरात पडून होतो, १२ दिवसांचा पगार शून्य, वरनं सलाईनचा खर्च वेगळा. मला कोण दिलं? सुपरवायझर साधं कसा आहेस विचारायला फोन केला नाही. सगळी गरिबाचीच पोरं आहेत हो, पण आपण मध्यमवर्गीय लोकांनीच सगळ्यांचं बघायचं का? उचल द्या ५ हजार, नंतर महिन्याला ५०० कापा, त्यांचंही भागतंय आणि तुमचंही. आणि पोरगी येतो म्हणते तर येऊ दे की, आमच्या आया-बहिणी काय कामं न करता वाढल्या का.

मिरजेची_तार

@कुपवाड_एमआयडीसी तुम्हाला डेंग्यूत पगार मिळाला नाही हे वाईटच झालं, पण मग तुम्हाला तर आधी कळायला पाहिजे की १२ दिवस बिनपगारी म्हणजे काय असतं. मला नाही मिळालं म्हणून तिलाही नको, हे कुठलं गणित.

वहिनी, उचल देऊ नका. मी दिलीय एकदा, म्हणून सांगते. त्या बाई बऱ्या होऊन कामाला आल्या आणि पुढचे दहा महिने कापलेला पगार घेऊन जात होत्या, म्हणजे आजारपणाचे पैसे शेवटी त्यांनीच भरले, मी फक्त आधी दिले आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करून हिंडले. त्यात त्यांचा गटाचा हप्ता दर आठवड्याला ठरलेला, तो ऑपरेशन बघत नाही का काही बघत नाही.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आहे, २००८ चा. पण आजारपणात पगार द्यायलाच पाहिजे असं काही त्यात मालकावर बंधन नाही, तो मंडळ आणि नोंदणीचा कायदा आहे. नोंदणीचा फायदा मात्र होतो. कोरोनात २०२१ ला नोंदणी असलेल्या बायकांना सरकारने १५०० रुपये जाहीर केले होते, आमच्या मावशींची नोंदणीच नव्हती त्यामुळे त्यांना काय मिळणार, कप्पाळ. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बायकांसाठी १० हजारांची सन्मानधन योजना पण आहे. या नोंदणीला मालकाचा दाखला लागतो, ही बाई माझ्याकडे कामाला आहे असा. तो आपण कुणी देत नाही, कारण सही करायची म्हटलं की सगळ्यांना भीती वाटते उद्या काहीतरी अंगलट येईल. तेवढा दाखला तरी द्या, त्याला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशन खाजगीत करणार असतील तर आधी महात्मा फुले योजनेत बसतंय का बघा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. ॲडमिट झाल्यावर नाही, आधी.

आयर्विन_५७

खाड्यांवरून आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आम्ही गावभागात. २०१९ चा पूर तर माहितीच आहे सगळ्यांना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी. २००५ ला उंबऱ्याला लागून गेलं होतं म्हणून आमचे आजोबा सांगत बसले, इथवर येत नाही, इथवर येत नाही, शेवटी त्यांनाच बोटीत बसवायला लागलं. आम्ही मामाकडं मिरजेला जाऊन राहिलो. आमच्या मावशी सूर्यवंशी प्लॉटात राहायच्या, तो भाग सखल, आमच्या आधीच त्यांच्यात पाणी शिरलं, त्या पोरंबाळं घेऊन शाळेत, पूरग्रस्तांच्या कॅम्पात.

पाणी उतरल्यावर घरात जो चिखल असतो ना तो ज्यानं काढलाय त्यालाच कळतो, वाळला की सिमेंट आणि ओला असला की वास, आणि कपाटाच्या मागं मेलेले मासे. मावशी तिसऱ्या दिवशी आल्या, स्वतःचं घर तसंच टाकून. चार दिवस आईबरोबर खराट्यानं चिखल ओढत होत्या.

आणि महिनाअखेरीला आमच्या आईनं काय करावं? नेहमीच्या सवयीनं हिशोबाला बसली आणि ११ खाडे काढले. जे ११ दिवस आमचं स्वतःचं घर पाण्यात होतं ते. वडील पेपर वाचत होते, ते म्हणाले "अगं, ती आली असती तर भांडी कुठं घासली असती, पुलावर?" आई आधी चिडली, मग हसायला लागली, मग एकदम गप्प बसली. पगार पूर्ण दिला, वर सरकारचे जे ५ हजार रोख आम्हाला मिळाले होते त्यातनं हजार दिले.

आई वाईट नाही हो. खाडे मोजायचा हात झालेला असतो आपला, चालू राहतो तो.

गप्प_बसणारा

इथं बरीच वर्षं नुसतं वाचतोय, आज लिहायला लागलं.

माझी आई शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला पाच घरं करायची. त्यामुळं तुम्ही ज्या बाजूनं विचारताय त्याच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा, इस्लामपूरच्या केसेसमुळं आपल्याकडं तर सगळ्यात आधी घाबरगुंडी, सोसायट्यांनी बायकांना गेटवरच अडवलं. १९ मार्चच्या भाषणात पंतप्रधानांनी पण सांगितलं होतं की घरकाम करणाऱ्यांचे पगार कापू नका, आम्ही टीव्हीवर ऐकलं, आईला वाटलं झालं आता काळजी मिटली. पाचातल्या दोन घरांनी दिला. एकानं माझ्या नंबरवर टाकला, काही बोलले नाहीत, दर महिन्याच्या ५ तारखेला यायचा. दुसरे म्हणाले गेटवर येऊन घेऊन जा, संचारबंदीत पोलिसांची काठी चुकवत आई चालत गेली. आणि उरलेल्या तिघांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "बाकीचे देतात का?" आई खोटं बोलायची नाही, ती म्हणाली दोघं देतात. झालं, बहुमत तिकडं.

वहिनी, मावशींनी पगाराचं काढलं नाही म्हणजे त्यांना नको आहे असं नसतं. पगाराचं विचारलं आणि तुम्हाला राग आला तर घरच जाईल, म्हणून आधी घर वाचवायचं. माझी आई पण असंच करायची, सगळ्याच करतात. तुम्ही काय द्यायचं ते द्या, पूर्ण, निम्मा, पण आकडा ऑपरेशनच्या आधी सांगा. आकडा माहीत असला की माणूस त्यात बसवतं, हप्ता किती, गोळ्या किती. "बघू, देऊ काहीतरी" हे सगळ्यात वाईट, त्यात झोप येत नाही.

पोरीला घेऊ नका. हात जोडून सांगतो. माझी बहीण अशीच गेली होती, आईचा हात मोडला तेव्हा, पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांचे दोन वर्षं झाले, कारण बाईसाहेबांना तिचं काम आईपेक्षा आवडलं. दहावी राहिली ती राहिलीच. १४ च्या खालच्या पोरांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, पण नववीतली पोरगी १४ च्या अलीकडं का पलीकडं हे विचारायला कोण येतंय दारात.

कुपवाड_एमआयडीसी

@गप्प_बसणारा पोरीचं माझं चुकलं दादा, मागं घेतो.

पण पैशाचं माझं मत तेच आहे. द्यायचे तर द्या, पण त्याला पगार म्हणू नका, मदत म्हणा. पगार कामाचा असतो.

गप्प_बसणारा

मदत म्हटलं की आभार मानायला लागतात दादा, दर वेळी, दिसतील तिथं. आई त्या दुसऱ्या घरचं अजून सांगते, "लई मोठ्या मनाची माणसं." पहिल्या घरचं काही सांगत नाही, पण तिथलं काम शेवटपर्यंत सोडलं नाही.

पेठभागातली_काकू

मी एकटी असते, वय ७१, पेन्शन बेताची. माझ्या बाईचा मणका धरला होता तेव्हा मी निम्मा पगार दिला आणि बदली ठेवलीच नाही. एकटीची भांडी ती किती, स्वतः घासली, फरशी एक दिवसाआड. डबल खर्चाचा प्रश्नच आला नाही. वहिनी तुमच्या घरात चार धडधाकट माणसं आहेत ना? दहावीतल्या मुलाला ताट घासता येतं. अभ्यास बुडत नाही, मी ३० वर्षं शिक्षिका होते, सांगते.

विश्रामबागची_वहिनी

(१५ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार, कुपवाडवाल्यांचे पण. काय झालं ते सांगते.

ऑपरेशन झालं, सिव्हिललाच केलं, आरोग्यमित्राकडं आमचे मिस्टर त्यांच्या नवऱ्याला घेऊन गेले होते. बऱ्या आहेत, परवा भेटून आले, खाटेवर बसून लसूण सोलत होत्या, दोन महिने बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच.

पहिल्या महिन्याचा पूर्ण, दुसऱ्याचा निम्मा, असा आकडा आधीच सांगितला आणि हे परत घेणार नाही हेही सांगितलं. खरं तर दोन्ही महिने पूर्ण द्यायला पाहिजे होते असं हे सगळं वाचल्यावर वाटतंय, पण यांच्याशी भांडून एवढ्यावर आणलं, दुसऱ्या महिन्याचं अजून बोलणं चालू आहे. पोरीला शाळेतच राहू दे म्हटलं. त्यावर मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा नाराजीचा भाव नव्हता, उलटच होता.

त्यांची आमच्याशिवाय अजून तीन घरं आहेत. नंबर घेऊन मीच सगळ्यांना मेसेज केला, "आम्ही देतोय, तुमचं काय" असा, म्हणजे 'बाकीचे देतात का' हे विचारायचं कामच ठेवलं नाही. एका घरानं लगेच हो म्हटलं. एकानं निम्मा. तिसऱ्यांच्या निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही, आणि कालच भाजी मंडईत त्या बाई मला बघून मेथीच्या ढिगामागं गेल्या.

दाखल्यावर सही केली. सही करताना हात जरा थबकला, हे कबूल करते.

बदली ठेवली नाही. धुण्याला मशीन आहेच, फरशी मी, भांडी मुलगा आणि मिस्टर आलटून पालटून. दोन कप आणि एक बरणी गेली. सासूबाई कॅलेंडरवर खाड्याची फुली मारतात रोज, या वेळी फुल्या नाहीत, पहिल्या चौकोनात 'ऑपरेशन' लिहून पुढं महिनाअखेरपर्यंत नुसता एक बाण ओढलाय. मी काही बोलले नाही.

आता एक अडचण आहे, लोखंडी कढईचा तळ काळा तो काळाच राहतोय, चिंच झाली, राख झाली, तारेचा घासणा झाला. मावशी काय लावायच्या देव जाणे आणि त्यांना फोन करून विचारायला जीव होत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.