नायजेल हॉथॉर्न तुम्हाला कुठे भेटला?

'यस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी मालिकेतला मंत्र्याला गुंडाळणारा सचिव सर हम्फ्री ॲपलबी कोण हे इथे सांगायची गरज नाही. पण तो साकारणाऱ्या नायजेल हॉथॉर्नबद्दल आपल्याकडे कमीच बोललं जातं. जन्म ५ एप्रिल १९२९, कॉव्हेंट्रीचा. वडील डॉक्टर. तीनेक वर्षांचा असताना घर केपटाऊनला हललं आणि शिक्षण तिकडेच झालं. १९५१ मध्ये नट व्हायला लंडनला आला, जम बसेना म्हणून परत केपटाऊनला गेला, पुन्हा लंडनला आला. 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेच्या एका भागात तो चिडलेला सायकलवाला म्हणून येऊन जातो. असली चिल्लर कामं त्याने वर्षानुवर्षं केली. १९८० मध्ये 'यस मिनिस्टर' सुरू झाली तेव्हा त्याने पन्नाशी गाठलेली होती.

तर अनुभव लिहा. नुसतं 'आवडतो' नको. कधी पाहिलात, कशात पाहिलात, काय लक्षात राहिलं ते लिहा. फक्त हम्फ्रीवरच बोलायचं असंही नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी, डोंबिवली

माझी सगळी नोकरी मंत्रालयात गेली. मालिका आधी पुस्तकरूपात वाचली होती, साहेबांच्या केबिनमधून हातोहात फिरत आलेली प्रत. कॅसेटवर पाहिली ती नंतर, आणि तेव्हा कळलं की कागदावर निम्मंच होतं. मंत्री म्हणतो, मी ठरवलंय. त्यावर हम्फ्री काही बोलायच्या आधी त्याचा चेहरा क्षणभर गोठतो आणि मग त्यावर एक प्रसन्न हसू पसरतं. तो चेहरा मी प्रत्यक्ष पाहिलाय. फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारताना आमच्या एका सचिवांचा अगदी असाच व्हायचा. अशी चर्चा कधी होत नसे आणि फाईल कपाटात निवांत झोपत असे.

लोक त्या लांबलचक वाक्यांचं कौतुक करतात, ते खरंच आहे. हे सगळं स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायचं. म्हणजे पंधरा ओळींचं वाक्य एका दमात म्हणायचं आणि शेवटच्या शब्दावर हशा घ्यायचा. चार वेळा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला ते उगाच नाही. पण मला विचाराल तर तो खरा मोठा होतो गप्प असताना, पॉल एडिंग्टनचा मंत्री बरळत असतो तेव्हा.

पुणे, वय विचारू नका

वरच्या काकांना एक भर. १९८४ च्या जानेवारीत खुद्द मार्गारेट थॅचर बाईंनी हॉथॉर्न आणि एडिंग्टन या दोघांबरोबर एक छोटा प्रवेश केला होता. बाई पंतप्रधान म्हणून येतात आणि फर्मावतात की अर्थशास्त्रज्ञ रद्द करून टाका. हॉथॉर्नला ते मनापासून नको होतं. सरकारची टिंगल करणारी मालिका आणि सरकारच येऊन मांडीवर बसलं! त्या प्रवेशाचं चित्रण सापडलं तर त्याच्याकडे बघा. हम्फ्रीचं अवघडलेपण वेगळं आणि हे वेगळं.

कल्याण

आम्ही केबलवाले. 'डिमॉलिशन मॅन'मधला पांढऱ्या झग्यातला डॉ. कॉक्टो तोच आहे हे कळलं तेव्हा हसूच आलं. स्टॅलोन मारामारी करतोय आणि हा मधे शांतपणे नागरिकशास्त्र शिकवतोय. त्याला स्वतःला तो अनुभव अजिबात रुचला नव्हता. 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज' या राजाच्या सिनेमाआधी हॉलिवूडमध्ये तोंडओळख व्हावी एवढाच हिशेब होता. सिनेमा मला अजूनही आवडतो, सॉरी.

मनोविकारतज्ज्ञ, नाशिक

राजाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. निवासी डॉक्टर असताना आमच्या सरांनी 'द मॅडनेस ऑफ किंग जॉर्ज' पाहायला लावला होता. मूळ नाटक ॲलन बेनेटचं. १९९१ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये निकोलस हाइटनरने बसवलं. हॉथॉर्नला त्यासाठी ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळाला आणि १९९४ च्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन.

उन्मादातलं बोलणं पुस्तकात वाचलं तरी वॉर्डात पाहिल्याशिवाय कळत नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि थांबता येत नाही याचा त्रास बोलणाऱ्यालाच सगळ्यात जास्त होत असतो. बहुतेक नट इथे गंमत करतात किंवा डोळे फिरवतात. हॉथॉर्नचा राजा बोलता बोलता स्वतःचंच बोलणं ऐकतो आणि घाबरतो. मग त्याला खुर्चीला जखडतात, तोंडात बोळा कोंबतात आणि मागे हँडेलचं राज्याभिषेकाचं संगीत वाजत राहतं. त्या दृश्याला आमची खोली चिडीचूप होती. पेशंट बांधून ठेवण्याबद्दल त्यानंतर आमच्यात जो वाद झाला तो कुठल्याही लेक्चरपेक्षा उपयोगी होता.

आजारी पडण्याआधी राजा दर वाक्याला 'व्हॉट, व्हॉट?' जोडत असतो. आजारात ते जातं. परत येतं तेव्हा दरबाऱ्यांना कळतं की महाराज शुद्धीवर आलेत. आमच्याकडेही नातेवाईक असंच सांगतात, 'आज त्यांनी नेहमीसारखी चहाला नावं ठेवली.' कुठल्याही तपासणीआधी त्यांना बरं वाटलेलं कळतं. सिनेमाच्या शेवटी पोर्फिरिया या शारीरिक आजाराचं निदान सांगतात तेवढं मात्र आता जपून घ्या. बरेच संशोधक हल्ली बायपोलर या मनोविकाराच्या बाजूने झुकलेत.

टोपणनाव राहू दे

हा माणूस मला मालिकेतून नाही, त्याच्या आत्मचरित्रातून भेटला. 'स्ट्रेट फेस', तो गेल्यावर २००२ मध्ये आलं. एका मित्राने दिलं, काही न बोलता. मी तेव्हा घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्याचा जोडीदार ट्रेव्हर बेंथम रॉयल कोर्ट या नाट्यगृहात रंगमंच व्यवस्थापक होता. ओळख १९६८ ची, एकत्र राहणं १९७९ पासून ते थेट शेवटपर्यंत. लपवाछपवी नव्हती आणि दवंडीही नव्हती. हर्टफर्डशरमध्ये घर, शेजारपाजार, रोजचं आयुष्य. १९९५ मध्ये ऑस्करच्या तोंडावर एका अमेरिकी मासिकातल्या मुलाखतीवरून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी बातमी उठवली. आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान समोर आणि मथळे भलत्याच गोष्टीचे. उघडपणे समलिंगी असताना प्रमुख अभिनेत्याचं नामांकन मिळालेला तो पहिला, असं म्हणतात. पण तो 'उघडपणा' त्याने निवडलेला नव्हता, हे कुणी म्हणत नाही. समारंभाला दोघं बरोबर गेले. पुरस्कार टॉम हँक्सला मिळाला.

मला त्यातलं धाडस वगैरे भावलं नाही. भावला तो संताप. आपली गोष्ट आपण सांगायच्या आधी दुसऱ्याने सांगितली की काय होतं ते मला माहीत आहे, नात्यातल्याच एकाने माझं तसं केलं. २०१८ च्या ६ सप्टेंबरला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला, त्या रात्री मी हेच पुस्तक पुन्हा काढलं होतं.

लंडन, मूळ सांगली

मी त्याला रंगमंचावर पाहिलंय, लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात, १९९९ मध्ये. 'किंग लिअर', दिग्दर्शक युकिओ निनागावा, विदूषक हिरोयुकी सानाडा. आधी जपानमध्ये प्रयोग करून मंडळी इकडे आली होती. वादळाच्या प्रवेशात वरून खरोखर धोंडे पडायचे, धप्प धप्प. समीक्षकांनी नाटकाला चांगलंच धुतलं. लिअर फार मवाळ आहे, गर्जनाच नाही, असा सूर होता.

धोंड्यांबद्दल मी त्यांच्याशी सहमत, लक्ष तिकडेच जायचं. लिअरबद्दल नाही. आपण गणपतराव बेलवलकर ऐकत वाढलेली माणसं, वादळात आवाज चढलाच पाहिजे ही आपलीही अपेक्षा. हा मात्र घर हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा त्या पावसात बोलत होता. शेजारची इंग्रज बाई मध्यंतरात म्हणाली, पैसे वाया गेले. मी मान डोलावली नाही. दोन वर्षांनी, २६ डिसेंबर २००१ ला, तो गेला. बहात्तर वर्षांचा होता.

दादर

'गांधी' पुन्हा बघा सगळ्यांनी. व्हाइसरॉयसमोरच्या बैठकीत एक अधिकारी गांधीजींना अदबीने सुनावतो की इंग्रजी कारभाराशिवाय या देशात बेबंदशाही माजेल. त्यावर गांधीजी म्हणतात की परक्यांच्या चांगल्या राज्यापेक्षा आपलं वाईट राज्य कुठल्याही लोकांना परवडतं. तो अधिकारी किनॉक म्हणजे हॉथॉर्न! आपण त्या सिनेमात रोहिणीताईंची कस्तुरबा आणि डॉ. लागूंचे गोखले शोधत बसतो, हा निसटतो. काम दोन मिनिटांचं असेल नसेल, पण नीट ऐका. हम्फ्रीच बोलतोय, फक्त विनोद काढून घेतलेला.

निवृत्त कक्ष अधिकारी, डोंबिवली

दादरकर, पटलं. आमची नोकरशाही कुठून आली याचं उत्तर त्या दोन मिनिटांत आहे.

पुणे, वय विचारू नका

आणि 'बारचेस्टर क्रॉनिकल्स' कुणीच कसं काढलं नाही? १९८२ ची बीबीसीची मालिका. हॉथॉर्न तापट आर्चडीकन म्हणजे चर्चमधला वरिष्ठ पाद्री, समोर तेलकट मिस्टर स्लोप म्हणजे तरुण ॲलन रिकमन. दोघं एका खोलीत आले की मजा बघा. पहिला भाग संथ आहे, सोडू नका. स्लोप येतो तो पुढे.