विधी स्वयंसेवक आणि पॅरालीगलची नोकरी
पॅरालीगल, म्हणजे वकिलाला कायदेविषयक कामात मदत करणारा साहाय्यक, होण्यासाठी पदवीनंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत विधी साहाय्य देणाऱ्या जिल्ह्यातील सरकारी संस्थेत) विधी स्वयंसेवक व्हावे, असे सुचवले जाते; त्यात थोडी भर घालतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेतील विधी स्वयंसेवकाचे काम मानधनाचे आहे, नोकरीचे नव्हे. तरीही मोफत विधी साहाय्यास कोण पात्र ठरते आणि त्याचा अर्ज कसा भरतात, हे तेथे प्रत्यक्ष शिकता येते. पॅरालीगल म्हणून वकिलांच्या कार्यालयात बोर्ड (न्यायालयाची त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) पाहणे, न्यायालयीन कागदपत्रांच्या नकलेसाठी अर्ज करणे, ई-फाइलिंग आणि तारखांची नोंद अशी कामे वाट्याला येतात, आणि त्यांसाठी मराठी व इंग्रजी दस्तऐवज नीट वाचता येणे हे (माझ्या मते) महागड्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरते. वकीलपत्र (पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र) दाखल करून पक्षकारातर्फे युक्तिवाद करायचा असेल, तर कायद्याची पदवी आणि सनद (वकिलीचा परवाना) हवीच.